बसलेला देवला

डोंगरकडा गावाच्या अलीकडं माळाच्या उतारावर एक तांडा आहे. त्या तांड्यातल्या देवला राठोडला रिकामं बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. जेवायला बसायचा तोही उकिडवा. भाकरीचा शेवटचा घास तोंडात जायच्या आत माणूस उभा. एसटीत जागा असली तरी दांडा धरून उभा राहायचा. बायकोनं ओढून बसवलंच तर एखादा फाटा जाऊ द्यायचा आणि पुन्हा उठायचा.

कष्टाचं काम त्यानं सगळं केलं. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलाव, नंतर सडका, कालव्याची खोदाई, विहिरी आणि पाठीला बाक येईपर्यंत ऊसतोड. टिकाव कसा धरावा हे तो पोरांना हात धरून शिकवायचा. उचलायला ताकद लावायची, मारायला नाही. खाली येताना लोखंड आपलं काम आपण करतं. मारताना जोर लावणारा माणूस दुपारीच संपतो. हे त्याचं खरं होतं. पण त्याचं बोलणं तिथं थांबत नसे. कोणी पाठ टेकलेला दिसला की देवलाची जीभ सुटायची.

"काय रे, बुडाला मुळ्या फुटल्या व्हय?"

थोरला मुलगा प्रेमदास वारंगा फाट्यावर पानटपरीशी गप्पा मारताना सापडला, तर सगळ्या फाट्यासमोर त्याचा उद्धार व्हायचा. त्या जिभेचा सगळ्यात जास्त मार बसायचा तो थोरल्या भावाला, भीमसिंगला. भीमसिंगची बायको लक्ष्मीबाई दुष्काळाच्या पुढच्या पावसाळ्यात हगवणीनं गेली. मागं तान्ही शेवंता. भीमसिंग पोरीला मांडीवर घेऊन लिंबाखाली बसायला लागला. पोरगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या तांड्याला गेली, तरी भीमसिंग लिंबाखालीच. देवला तिथून जाता-येता म्हणायचा, "भिया, लिंबाला पाणी घालायची गरज न्हाई. तुझ्याच सावलीत वाढून राहिला तो."

भीमसिंग कधी उलटून बोलला नाही. तीस वर्षं त्यानं ऐकून घेतलं.

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला तांड्यात एक जीप आली. तिच्यातून निलम नावाची औरंगाबादची बाई उतरली, आणि कॅमेरा सांभाळणारा हरीश. निलम दुष्काळी कामांवर माहितीपट करत होती. पुण्याला एका संस्थेत जुन्या फिल्मांचा संग्रह आहे, तिथं तिला एक गंजलेला डबा मिळाला होता. झाकण उघडल्याबरोबर शिरक्यासारखा आंबूस वास आला, असं ती सांगायची. फिल्म सडायला लागली की तसा वास येतो म्हणे. आणखी थोडी वर्षं गेली असती तर आतलं काही उरलं नसतं. डब्यावरच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: 'दुष्काळी कामे, परभणी जिल्हा.' गावाचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत, आवाजही नाही. त्या वेळी हिंगोली जिल्हा झाला नव्हता, म्हणून कोणी इकडं शोधायला आलंही नव्हतं.

निलमनं फिल्ममधल्या चित्रांचे फोटो काढून घेतले आणि ती ते कळमनुरीच्या बाजारात, फाट्यावरच्या हॉटेलांत दाखवत फिरली. एका चहावाल्यानं बायांच्या मागची टेकडी ओळखली. "बैलाच्या वशिंडासारखी हाय बघा. डोंगरकड्याच्या तलावावरून अशीच दिसते." तिथून ती तांड्यात पोचली.

प्रेमदासच्या घरी टीव्ही होता. सकाळी लाइट असायची, तेवढ्यात बघून घ्यायचं ठरलं. सीडी लावली. खोलीत, दारात, खिडकीला माणसं. देवला अर्थातच उभा, भिंतीला पाठ न लावता.

काळ्या-पांढऱ्या चित्रात माणसं येऊ लागली. टोपलीवाल्या बाया, धूळ, खड्ड्यात वाकलेल्या पाठी. कोणी ओरडायचं, "हा संतरामचा बाप!" कोणी म्हणायचं, "ती बघा आमची याडी!" याडी म्हणजे आई. निलम नावं लिहून घेत होती. ती नावं पुण्याला पाठवणार होती. डब्याच्या चिठ्ठीवर जिथं आजवर नुसतं 'कामे' होतं, तिथं माणसं लागणार होती.

मग पडद्यावर एक तरणा माणूस आला. भोवती सगळे राबत होते आणि हा मधोमध दगडावर बसला होता. हात गुडघ्यांवर, पाय पसरलेले, नजर कुठंच नाही. टिकाव बाजूला आडवा पडलेला.

मग प्रेमदासच्या बायकोला हसू फुटलं आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

"बापू, तुमी हाव का हो हे?" प्रेमदासनं विचारलं.

"देवला! अरे, बुडाला मुळ्या फुटल्या व्हय?" दारातून कोणीतरी ओरडलं, आणि खोली फुटायची वेळ आली. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. त्या गोंधळात लाइट गेली आणि टीव्ही काळा झाला. देवला बाहेर पडला होता. जाताना त्याला लिंबाखाली भीमसिंग दिसला. तो आत आलाच नव्हता. आतला आवाज त्यानं ऐकला असणार, पण मान वर केली नाही. देवलाला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या दिवसापासून देवलाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आपण काहून बसलो होतो, हे त्याला आठवेना. तलाव आठवत होता. सरकारनं वाटलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आठवत होती, घशाखाली न उतरणारी. मुरूम कुठं संपून काळा दगड कुठं लागला ते आठवत होतं. पण त्या दगडावर बसल्याचं काही केल्या आठवेना. आजारी होतो? कोणी बसवलं होतं? कॅमेरावाल्यानं सांगितलं होतं का? तो जुन्या तलावावर जाऊन आला. आता तिथं गाळ आणि बाभळी. कोणता दगड तेही कळेना. घरी यायचा, पाणी प्यायचा, पुन्हा निघायचा. अनुसयाबाई, त्याची बायको, म्हणाली, "पायाला भिंगरी लागली का? एका जागी थांबा, मला सारवू द्या."

शेवटी तो डोंगरकड्याला अमृतरावांकडं गेला. तलावाच्या कामावर अमृतराव मुकादम होते. आता खाटेवर पडून असायचे, पण जीभ शाबूत होती.

"बसला होतास?" अमृतराव उठून बसले. "कोणत्या दिवशी ते सांग. हजेरी कापतो."

"हसू नका दादा. मला याद येऊन न्हाई राहिली."

"अरे, मग खुंट राखत असशील."

खोदाई करताना खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक उभा खुंट न खोदता तसाच सोडायचे. त्याच्या उंचीवरून किती खोल खोदलं ते ओव्हरसिअर मोजायचा. मोजणी व्हायच्या आत खुंट पडला तर त्या टोळीची सगळी मेहनत मातीत. म्हणून मोजणीच्या दिवशी खुंटाजवळ कोणीतरी राखणीला असायचं.

देवलाच्या तोंडावर उजेड आला. "व्हय. तसंच असंल."

"असंल कशाला? तसंच होतं म्हण. तीस वर्षांनी कोण मोजायला येऊन राहिलं?"

दुसऱ्या दिवशी देवलानं निलमला तलावावर नेलं आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. खुंट म्हणजे काय, तो कसा पडतो, पडला तर काय होतं. बोलणं पक्कं झालं. निलम खूश झाली. "काका, हे तुमच्या त्या दृश्यावर लावते. लोकांना वाटेल माणूस आराम करतोय, आणि खरं म्हणजे तो कामावर आहे."

देवला घरी ताठ मानेनं आला. अनुसयाबाई भाकऱ्या थापत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती थापता थापता थांबली.

"खुंट राखायला ती हात मोडलेली म्हातारी असायची. तिला दुसरं काही जमत नव्हतं म्हणून मुकादमानं ते काम दिलं होतं. धडधाकट माणसाला कोण बसवून ठेवीन?"

देवला चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिला.

"आन् त्या चित्रात खुंट हाय कुठं?"

तेही खरं होतं. आजूबाजूला खुंट नव्हता. नुसता दगड, आणि दगडावर तो.

"मग मी काहून बसलो?"

"दमले असाल."

"मी?"

"मग काय मी? पोटात अर्धी भाकर. दमले तर दमले. गुन्हा केला काय?"

"दमलो असतो तर मला याद राहिली असती."

"इतक्या बारी दमलात," अनुसयाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, "कोणती कोणती याद ठेवाल?"

रात्रभर त्याच्या अंगाखाली घोंगडी टोचत राहिली. बसल्याचं दुःख होतंच, आता त्यावर खोटं बोलल्याचं. मोजणी फसवणाऱ्या टोळ्या त्यानं पाहिल्या होत्या. खुंटाच्या डोक्यावर माती थापून तो उंच करायचे. त्याच माणसांवर तो थुंकला होता. आता त्यानंही तेच केलं होतं.

बाजाराचा दिवस होता. अनुसयाबाईला कळमनुरीला जायचंच होतं. देवला तिच्यासोबत फाट्यावरून जीपला लटकत गेला. निलम आणि हरीशनं कळमनुरीत एक खोली भाड्यानं घेतली होती. भिंतीवर फोटो चिकटवलेले, पाटबंधारे खात्याकडून आणलेले नकाशे, टेबलावर कॉम्प्युटर. तिथं ते फिल्मची जोडणी करत होते.

"बाई, ते खुंटाचं काढून टाका," देवला दारातूनच म्हणाला. "खोटं हाय."

निलमनं खुर्ची सरकवली. तो बसला नाही.

"मग खरं काय, काका?"

"माहीत न्हाई. माहीत न्हाई ते कसं बोलू? तुमी तो सगळाच तुकडा काढा. मी त्यात नको. बाकीचे लोक हायेत ना भरपूर."

निलमला ते आवडलं नव्हतं, हे दिसत होतं. पण ती म्हणाली, "तुमचं चित्र आहे, तुम्ही नको म्हटलं तर नको. काढण्याआधी एकदा बघून घ्या. त्या दिवशी लाइट गेली, पुढचं तुम्ही पाहिलंच नाही."

तिनं लावलं. दगडावरचा तरणा देवला पुन्हा आला. इथं हसायला कोणी नव्हतं. देवलानं दात आवळून बघितलं. मग डाव्या अंगानं एक बाई चित्रात शिरली, देवलाच्या मागून चालत गेली. डोक्यावर टोपलं भरलेलं, आणि दोन्ही हात मोकळे. टोपल्याला हात न लावता ती अशी चालली होती, जशी डोक्यावर काही नाहीच. जाता जाता तिनं बसलेल्या देवलाकडं बघितलं, काहीतरी बोलली, हसली आणि उजवीकडं निघून गेली.

अनुसयाबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. "लक्ष्मी भोजाई."

देवला पुढं झाला. भीमसिंगची लक्ष्मी. तांड्यात टोपल्याला हात न लावता चालणारी ती एकटीच होती. तिचा फोटो नव्हता. तांड्यात त्या काळी कोणाचाच नव्हता. शेवंतानं आईचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी ती विचारायची, काकी, माझी याडी कशी होती? अनुसयाबाई सांगायची, गोरी होती, नाकात चमकी होती. त्यापुढं सांगता यायचं नाही. तोंड काही बोलून दाखवता येत नाही.

"हा तुकडा काढला," निलम हळूच म्हणाली, "तर याही जातात."

"मला तेवढं कापून टाका. तिला ठेवा."

हरीशनं प्रयत्न केला. देवलाला बाजूला सारून लक्ष्मीबाईला मोठं केलं. तोंडाचे नुसते ठिपके झाले, पांढरे-काळे, माशा बसल्यासारखे. आणि ती चालत होती ती त्याच्या मागूनच. त्याला काढायला गेलं की तिचा कमरेखालचा भाग जायचा, चाल जायची.

"काय बोलली असंल हो ती तुमाला?" अनुसयाबाईनं विचारलं.

देवलाला तेही आठवत नव्हतं. तो खोलीत येरझारा घालायला लागला. दारापर्यंत, परत टेबलापर्यंत. बाहेर बाजाराचा कलकला होता. त्याला तांड्यातला तो हशा ऐकू येत होता. आता तो हशा एकदाचा नव्हता. डबा राहील तोवर, फिल्म दाखवतील तोवर तो बसलेलाच राहणार होता. जे लोक त्याला ओळखत नाहीत तेही त्याला बसलेलाच ओळखणार.

"राहू द्या," तो शेवटी म्हणाला.

"खाली काय लिहू? दमलेला मजूर, असं—"

"दमलेला लिहू नका. राखत होता लिहू नका. नाव लिहा. माझं, आन् तिचं."

वैशाखात तांड्यात खेळ ठेवला. ऊसतोडीवरून सगळे परतले होते. दिवस मावळताना देवळासमोर दोन बांबूंवर पांढरी चादर ताणली. फाट्यावरून जनरेटर आणला, हरीशनं प्रोजेक्टर मांडला. भीमसिंगला अनुसयाबाईनं सांगितलं होतं, आणि भीमसिंगनं शेवंताला निरोप धाडला होता, तुझी याडी दिसणार हाय, ये. ती सासरहून पोरं घेऊन आली आणि बापाजवळ पुढं बसली. देवला सगळ्यांच्या मागं, जनरेटरच्या बाजूला उभा. आवाज तिथं सगळ्यात जास्त होता.

फिल्म सुरू झाली. पडद्यावर अमृतराव खाटेवरून बोलले. पाटबंधाऱ्याचे जुने फोटो आले. टेकडी आली, आधी तेव्हाची, मग आताची, एकीवर एक बराबर बसलेली. मग दगडावरचा देवला आला.

पुन्हा तेच. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "उठा बापू, मुकादम आला!" "कोणी टिकाव द्या रे त्याला!" पुढची माणसं मागं वळून खऱ्या देवलाला शोधायला लागली. शेवंताही हसत मागं वळली, काका कुठं दिसतो बघायला. ती पुन्हा पडद्याकडं वळली तेव्हा तिथं दुसरीच माणसं खडी फोडत होती.

"बघितलं का?" भीमसिंगनं विचारलं.

"काय बापू?"

"गेली ती. आत्ता गेली."

शेवंता उभी राहिली. "कुठं? कोणती? आता येणार हे मला कोणी सांगितलं का न्हाई?" तिचा आवाज एवढा चढला की शिट्ट्या थांबल्या. पडद्यावरची माणसं खडी फोडतच राहिली.

देवलानं ते मागून ऐकलं. तो माणसांतून वाट काढत पुढं आला. कोणाच्या हातावर पाय पडला, कोणी शिवी दिली. तो चादरीजवळ जाऊन थांबला आणि हरीशकडं वळला.

"मागं घ्या. माझ्यापासून लावा."

"लई हौस आली बसायची!" कोणीतरी बोललं. कोणी फारसं हसलं नाही.

"व्हय, बसलेलोच हाय मी," देवला म्हणाला. "मला बघून झालं असंल तर आता मागं बघा. शेवंता, इकडं ये. माझ्याकडं बघू नको. ह्या अंगानं येईल. टोपल्याला हात न्हाई तिचा."

चित्र मागं गेलं आणि पुन्हा सुरू झालं. देवलाच्या बोटाची सावली चादरीवर पडली, पडद्यातल्या देवलाच्या खांद्यावरून सरकली आणि लक्ष्मीबाईच्या बरोबर चालत गेली. शेवंता चादरीच्या एवढी जवळ आली होती की तिचंच तोंड काळं-पांढरं दिसत होतं. बाई आली, बसलेल्या दिराला काहीतरी बोलली, हसली, गेली.

"काय म्हणाली ती?" शेवंतानं विचारलं.

"मला याद न्हाई, बाई."

मागून भीमसिंगचा आवाज आला. तो जागेवरून उठला नव्हता. "तुला टाकून बोलली असंल. देवल्या, उठ म्हणाली असंल. तुला तसं बोलायची हिंमत फक्त तिच्यात होती."

तीस वर्षांत भीमसिंगनं देवलाला मारलेला तो पहिला टोमणा. लोक हसले. या खेपेला देवलाही हसला, तोंड वेडंवाकडं करत.

"अजून एकदा," शेवंता म्हणाली. तिची पोरं तिच्या पदराला धरून उभी होती. "नीट दिसली न्हाई मला."

देवलानं हरीशकडं बघून हात वर केला. चादर क्षणभर पांढरी झाली. मग टेकडी आली, धूळ आली, आणि देवला पुन्हा दगडावर बसला.